द्वारकेवरचा दसरा

गाणं तीन कडव्यांचं होतं. दोन झाली होती. तिसरं म्हणायला समाधान नेहमीसारखा स्टेजवरून खाली उतरला. अनवाणी, हातात माईक. लॉनवर संध्याकाळीच पाणी मारलेलं होतं. माईकची वायर कुठेतरी सोललेली होती. पाय गवताला टेकला आणि तो पडला.

लोकांना वाटलं, ही त्याची नवी अदा. काहींनी टाळ्या वाजवल्या. त्याचा मित्र ज्ञानेश पहिल्या रांगेत होता. त्यानेही वाजवल्या.

एप्रिल २००७. समाधान अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्याच्या चपला स्टेजच्या पायरीशी तशाच राहिल्या होत्या. त्या ज्ञानेशने घरी नेऊन दिल्या. दारात चिमाजीकाका उभे होते, समाधानचे वडील. त्यांनी चपला हातात घेतल्या. पालथ्या केल्या, तळ पाहिले, पुन्हा सुलट केल्या आणि भिंतीशी जोडीने मांडून ठेवल्या.

नाशिकबाहेर समाधानचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नाशिकमध्ये मात्र असा एक काळ होता, की रिक्षात बसलं तर त्याचा आवाज, गणपतीच्या मांडवात गेलं तर त्याचा आवाज, आणि लग्नात नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला की बँडवाल्यांच्या पिपाणीतून त्याचीच चाल. मराठीत रॉक अँड रोल म्हणणारा असा दुसरा कुणी गावाने पाहिला नव्हता. गाणं एकच गाजलं. पण गाजलं ते असं, की पोरं त्याला समाधान म्हणायचीच नाहीत. 'द्वारका' म्हणायची. "ए द्वारका, म्हण ना!" आणि तो म्हणायचा.

त्या गावात एकच माणूस असा होता, की ज्याने ते गाणं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणजे त्याचा बाप.

*

घर गंगापूर रोडला, आनंदवलीच्या पुढे. मागे मळा. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी, बांधाला मेथी-कोथिंबीर. आसपासची शेतं एकेक करून सोसायट्या होत गेली. ज्ञानेशच्या आईवडिलांचा फ्लॅट अशाच एका सोसायटीत होता. चिमाजीकाका कधी कधी म्हणायचे, "तुमचा जिना हाय ना, तिथं बहिरूची वांगी व्हायची. लय गोड." आणि मग ज्ञानेशला जिना चढताना उगाच अपराधी वाटायचं.

मळ्याचा एक नियम होता. फुलाच्या वाफ्यात चप्पल घालून जायचं नाही. फूल देवाला जातं. पावसाळ्यात चिखल असो, उन्हाळ्यात ढेकळं तापलेली असोत, चपला बांधावर. समाधान चालायला लागला तेव्हापासून हेच शिकला. पुढे तो स्टेजवरही अनवाणीच गायचा. लोकांना ती स्टाईल वाटायची.

त्याला गाणं मिळालं ते नाशिक रोडला. कारभारी नावाचे त्याचे मामा तिथे नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. बारावीसाठी समाधान त्यांच्याकडे राहिला. शेजारच्या चाळीत सायमन ओहोळ नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मूळचे शरणपूरचे. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे आणि बाकीचे सहा दिवस घरात जुन्या रेकॉर्डी लावून रॉक अँड रोल. एक दिवस खिडकीतून एक पोरगा आत बघतोय असं त्यांना दिसलं.

"काय पाहिजे?"

"काय नाय. ह्यो माणूस एवढा का वरडतोय ते बघत होतो."

"ओरडत नाही, गातोय. आत ये."

तो आत गेला आणि दोन वर्षं तिथून हललाच नाही. बारावीला कसाबसा पास झाला. मामी म्हणायच्या, "भाच्याला आम्ही शिकायला ठेवून घेतला, अन् हा त्या सायमनमास्तरांचा दत्तक गेला."

इंग्रजी शब्द त्याला पाठ व्हायचे, अर्थ कळायचा नाही. एकदा त्याने विचारलं, "सर, एवढ्या जिवाच्या आकांताने म्हणतोय, तर म्हणतोय काय तो?"

सायमनसर हसले. "काही नाही रे. पोरीला म्हणतोय, माझ्या गाडीत बस. बस, एवढंच."

"फक्त गाडी?"

"फक्त गाडी."

समाधानने सुई उचलून रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. मग म्हणाला, "गाडीचं गाणं आपल्याकडं पण हाय की."

*

ते गाणं ज्या दिवसावरून झालं, तो दिवस १९९० सालचा. खंडेनवमी. समाधान अकरा वर्षांचा. चिमाजीकाकांनी त्या वर्षी गावातल्या बाजारात माल न देता सगळा झेंडू नाशिक रोडला न्यायचं ठरवलं. तिथे प्रेसचे कामगार, रेल्वेची माणसं, कॉलन्या. यंत्रांची पूजा, स्कूटरची पूजा, दाराला तोरणं. फूल हातोहात जाईल, हा हिशेब. भाड्याचा टेम्पो केला. निम्मा माल गोण्यांत, निम्म्याच्या माळा. सरुबाईंनी, म्हणजे समाधानच्या आईने, त्या माळा दोन दिवस बसून ओवल्या होत्या.

सकाळी द्वारकेला, म्हणजे नाशिकमधल्या हमरस्त्यांच्या मोठ्या चौकाला, पोहोचले आणि अडकले. चौकात मालाने भरलेला एक ट्रक अ‍ॅक्सल तुटून आडवा झाला होता. मुंबईकडची वाहनं, धुळ्याकडची, पुण्याकडची, सगळी एकमेकांत घुसून बसली. ऊन चढलं. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना. गोणीतला झेंडू आतून तापतो. एकदा तापला की काळा पडतो. दुपारनंतर चिमाजीकाकांनी एका गोणीत हात घातला आणि बाहेर काढून नुसता बघत बसले.

तो सगळा माल त्यांनी तिथेच वाटून टाकला. ट्रकला, एसटीला, जीपला, सायकलला. ज्याची गाडी त्याला माळ. चौक मोकळा झाला तेव्हा झेंडू लावलेली वाहनं चारी दिशांना गेली, आणि रिकामा टेम्पो घरी आला.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवाळीला घरात नवे कपडे आले नाहीत, हेही भावकीला माहीत होतं. फूलबाजारात तर पुढे कित्येक वर्षं चिमाजीकाका आले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "या कर्णमहाराज! आज काय वाटून आले?" पुंजा नावाचा एक व्यापारी होता, तो तर हात पसरून उभाच राहायचा. "दान द्या, दाता!"

काका हसण्यावारी न्यायचे. पण घरी त्या दिवसाचा विषय काढायची सोय नव्हती. कुणी काढलाच तर ते उठून मळ्यात जायचे.

आणि पोराने त्यावरच गाणं केलं.

*

ज्ञानेशची आणि त्याची ओळख कॉलेजच्या गॅदरिंगला झाली. ज्ञानेश मराठी घेऊन बी.ए. करत होता. समाधान गिटार घेऊन स्टेजवर आला, चपला काढल्या, आणि म्हणाला, "हे गाणं ट्राफिकवर आहे." लोक हसले.

द्वारकेला अडकली गाडी रे, झेंडू चालला सुकून,
पुढं ट्रक, मागं यष्टी रे, बाप बसलाय रुसून!

मग 'हॉर्न दे, हॉर्न दे' असं धृपद. सगळं सभागृह तोंडाने हॉर्न वाजवायला लागलं. दुसऱ्या कडव्यात ट्रॅफिक हवालदार, फुटलेला रेडिएटर, भेळवाला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग अचानक गिटार थांबली. तो स्टेजवरून खाली उतरला, माणसांत आला, आणि तिसरं कडवं हळू, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणाला.

बाजार नाही गाठला, तरी सण नाही टळला,
माझ्या बापानं रस्त्यावर दसरा केला.
ज्याची गाडी त्याला माळ, नाही पुसलं नाव,
माझ्या बापानं चौकाचं केलं गाव.

खुर्च्यांवर उभे राहिलेले खाली बसले. वर्गात ज्ञानेशने पुष्कळ कविता वाचल्या होत्या. कुणी आपल्या बापाला असं चौकात उभं करून नमस्कार केलेला त्याला आठवेना.

कार्यक्रमानंतर तो शोधत गेला. समाधान पायरीवर बसून वडापाव खात होता.

"तिसरं कडवं कुणी लिहिलं?"

"मीच. का, चुकलंय?"

"नाही. वडिलांना ऐकवलंस?"

समाधानने वडापाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. "त्यांना पहिल्या दोन ओळी बाजारात कुणीतरी ऐकवल्या. 'बाप बसलाय रुसून' इथपर्यंत. तेव्हापासून घरात मी गिटारीला हात लावला की ते मळ्यात जातात."

"अरे, मग सांग ना त्यांना, की पुढे—"

"सांगायचं नसतं रे. ऐकायचं असतं."

*

मग ते गाणं वाढत गेलं. आधी मल्हारीच्या बँडच्या गाडीवर. मल्हारी बँडमास्तर होता, जाडजूड, मिशाळ. त्याने समाधानला लग्नात गायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "तिसरं कडवं आपल्याला नको बुवा. वऱ्हाड नाचत असतंय. मधेच थांबवलं तर नवरदेवाचा मामा मारंल मला." म्हणून बँडवाल्यांनी दोनच कडवी बसवली. गावभर तीच पसरली. दोन कडव्यांत फक्त अडकलेला टेम्पो होता, आणि रुसलेला बाप.

२००० साली नाशिकमध्येच तिन्ही कडव्यांची कॅसेट निघाली. ती ऐकून मुंबईच्या एका कॅसेट कंपनीवाल्याने बोलावून घेतलं. गाणं आवडलं म्हणाला. पूर्ण अल्बम करू, टीव्हीवर दाखवू. फक्त तिसरं कडवं काढायचं.

"नाचणारा माणूस तिथे थांबतो," तो म्हणाला.

"थांबायसाठीच आहे ते," समाधान म्हणाला. आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला.

ज्ञानेशने त्याला पुष्कळ समजावलं. घरी बहीण प्रतिभाने तर धारेवरच धरलं. "दादा, तू पण बाबांचाच मुलगा शोभतोस बघ. हातचा माल रस्त्यावर सोडून घरी."

समाधान इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गंगापूर रोडला एकामागून एक लग्नाची लॉन्स झाली तेव्हा बापलेकांची गंमतच झाली. लग्न एकच. दुपारी मांडवाला चिमाजीकाकांची फुलं, संध्याकाळी स्टेजवर समाधान. काका फुलं बांधून झाली की सुतळीचे तुकडे गोळा करायचे आणि सायकलला टांग मारायचे. समाधान साउंडवाल्यांबरोबर तिथेच असायचा. दोघं एकाच मांडवात काम करायचे आणि एकमेकांना कामापुरतं बोलायचे.

"बाबा, त्या कमानीला अजून दोन माळा पायजेत म्हणतात."

"देतो."

"आज थांबता का? गाणं आठला हाय."

"पहाटं तोडणी हाय."

"एकदा थांबा. शेवटापर्यंत."

"बघू."

हे 'बघू' सात वर्षं चाललं. सरुबाई मधे पडायच्या. "अहो, ऐका तरी काय म्हणतोय पोरगं. तिसरं कडवं तुमच्यावर हाय."

"पहिलं बी माझ्यावरच हाय," काका म्हणायचे, आणि विषय संपायचा.

त्या शेवटच्या दिवशीही असंच झालं. ज्ञानेश लवकर गेला होता. काका कमानीवरून उतरत होते. समाधानने शिडी धरली होती. "थांबा आज," तो म्हणाला. काकांनी स्टेजकडे पाहिलं. मग आपल्या मळकट सदऱ्याकडे पाहिलं. "ह्या कपड्यांवर? पुढल्या टायमाला. धुतलेला सदरा घालून येईन."

इतकं तर ते आजवर कधीच म्हणाले नव्हते. समाधान संध्याकाळभर त्याच आनंदात होता. "ऐकलंस ना? सदरा म्हणाले!" ज्ञानेशला त्याने हे तीनदा सांगितलं.

*

सुतकाच्या घरची फुलं देवाला चालत नाहीत. लग्नालाही चालत नाहीत. मळ्यात तोडणी थांबली. झेंडू झाडावरच पिकून फुटायला लागला. ज्ञानेश रोज जायचा. तो ओट्यावर काकांशेजारी बसायचा, प्रतिभा चहा आणायची, चहा थंड व्हायचा. सायमनसर एकदा येऊन गेले. काकांचा हात हातात घेऊन बसले आणि थोड्या वेळाने उठले.

ज्ञानेशला रडू येत नव्हतं. आपण टाळ्या वाजवल्या, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

अशातच एका सकाळी दुरून बँड ऐकू आला. लग्नसराईच ती. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ. नवरदेव पाया पडून परत निघाला होता आणि वाट याच घरावरून होती. मल्हारीचा बँड. गाणं द्वारकेचंच. लोकांना दुसरं चालत नव्हतं. उलट तो गेल्यापासून जास्तच मागणी होती.

घर जवळ आलं तसा मल्हारीने हात वर केला. बँड थांबला. सुतकाच्या दारावरून वाजवत जायचं नाही, ही रीत लहान पोरालाही ठाऊक असते. नाचणारे थांबले. कुणीतरी शिट्टी वाजवली, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. घोड्याच्या टापा आणि बायकांच्या बांगड्या एवढेच आवाज राहिले. वरात मान खाली घालून पुढे सरकायला लागली.

"मल्हारी," काका म्हणाले.

मल्हारी वळला. टोपी काढून ओट्याशी आला. "चुकलं काका. वळणावरच थांबायला पायजे होतं."

"का थांबला?"

"काका, घरात सुतक हाय. रीत हाय."

"वाजव."

मल्हारीने ज्ञानेशकडे पाहिलं.

"त्याचं गाणं वाजव," काका म्हणाले. "समदं. शेवटापर्यंत."

नवरदेवाच्या बापाने पुढे येऊन मल्हारीच्या कानात काहीतरी सांगितलं. मल्हारीने मान हलवली. मग बँडकडे जाऊन हळू आवाजात बोलला. पिपाणी लागली, ढोल लागला. नाचलं कुणीच नाही. वऱ्हाडातली माणसं जरीचे फेटे बांधून उन्हात नुसती उभी होती आणि त्यांच्या मधोमध ते खट्याळ गाणं वाजत होतं. चिमाजीकाका ओट्यावर ताठ बसून ऐकत होते. पहिलं कडवं. हॉर्न दे, हॉर्न दे. दुसरं कडवं. मग बँड थांबला.

"पुढं?" काकांनी विचारलं.

"काका..." मल्हारीने टोपी हातात फिरवली. "पुढचं आम्ही बसवलंच नाय. आमाला येत नाय."

तेव्हा दारातून आवाज आला. सरुबाई उंबऱ्याला टेकून उभ्या होत्या. डोळे मिटलेले. त्यांना ते कडवं पाठ होतं. पूर्वी एकदा सरुबाई माळा ओवत असताना त्यांच्यासमोर बसूनच समाधानने ते जुळवलं होतं. त्या म्हणायला लागल्या. बायका मयताला हेल काढून रडतात, त्या हेलात. बाजार नाही गाठला, तरी सण नाही टळला. ज्ञानेशला कळेना की त्या गात आहेत की रडत आहेत. वऱ्हाडातल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावला. माझ्या बापानं रस्त्यावर दसरा केला. माझ्या बापानं चौकाचं केलं गाव.

संपलं.

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"खोटं हाय," ते म्हणाले.

ज्ञानेश दचकला. "काय, काका?"

"म्या न्हाय केला दसरा." ते समोर बघून बोलत होते. "म्या डोकं धरून बसलो व्हतो. समाधान खाली उतरला. एक माळ घेतली अन् समोरच्या यष्टीच्या तोंडाला बांधली. म्या पाह्यलं. खाली उतरून त्याच्या थोबाडीत दिली. म्हन्लं, फुकट वाटतो? तुझी माय दोन दिस बसली व्हती त्याला." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "तेवढ्यात यष्टीचा डायवर उतरला. माळेला हात लावला, कपाळाला लावला. पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मागचा ट्रकवाला म्हन्ला, बाबा, मला बी द्या. मग कसं नाय म्हनू? दिल्या. समद्या दिल्या. पन पैली त्याची व्हती. मार खाऊन बी तो माळा हातात देत व्हता मला."

घोड्याने मान झटकली तेव्हा घुंगरं मोठ्याने वाजली.

"म्या कुनाला सांगितलं नाय," काका म्हणाले. "मला वाटलं, गान्यात त्यानं ते घातलं असंल. थोबाडीतलं. बाजारात अजून एक हसायला झालं असतं लोकास्नी. म्हनून ऐकत नव्हतो." मग त्यांनी ज्ञानेशकडे तोंड वळवलं. "तू शिकलेला. तिथं बापानं काढून पोरानं घालता येईल का? माझ्या पोरानं?"

ज्ञानेशने मनातल्या मनात ओळ म्हणून पाहिली. माझ्या पोरानं रस्त्यावर दसरा केला. तेवढीच अक्षरं. तोच ठेका. कुठेही अडत नव्हतं.

"बसतंय, काका," तो म्हणाला. आणि इतक्या दिवसांनी त्याला रडू फुटलं.

"मग तसंच म्हना आता. मल्हारी, तसं बसव."

"नाय," सरुबाई म्हणाल्या.

त्या अजून दारातच होत्या. डोळे उघडले होते.

"त्यानं जे म्हन्लंय तेच राहील. एवढी वर्सं त्याला बाप म्हनायचं व्हतं, तर म्हनू द्या. तुमी ऐकायचं काम करा."

काकांनी मान खाली घातली. मल्हारीने टोपी डोक्यावर चढवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वरात निघाली. वळणापर्यंत बँड मुकाच होता. वळणापलीकडे पिपाणी पुन्हा लागली, पहिल्या कडव्यापासून. काका उठले नाहीत. भिंतीशी मांडलेल्या चपलांशेजारी ते बसून राहिले आणि आवाज लांब जाऊन पार विरेपर्यंत ऐकत राहिले.